अँटेनावर एचडी: नवा टीव्ही घेण्याआधी काय काय तपासायचं

मामांनी नवा टीव्ही घेतला आणि चार दिवसांत मला बोलावणं आलं. "एवढा मोठा पडदा आणला, पण चित्र जुन्यापेक्षा धुरकट दिसतंय रे." जाऊन बघतो तर चौकटीवर ‘एचडी’चा चकचकीत स्टिकर, शेजारी नवाकोरा सेट टॉप बॉक्स आणि दोघांना जोडलेली जुन्या व्हीसीडी प्लेयरची पिवळी-लाल-पांढरी वायर. बॉक्ससोबत आलेली एचडीएमआय केबल खोक्यातच होती, वेटोळ्याला बांधलेली छोटी तारसुद्धा सुटलेली नव्हती. ती काढून लावली. चित्र जरा सुधारलं, पण फार नाही, कारण मामा सवयीने जुन्याच क्रमांकावर बातम्या बघत होते. त्याच वाहिनीची एचडी आवृत्ती वेगळ्या क्रमांकावर होती. तो लावला तेव्हा मामी म्हणाल्या, "अगंबाई, ह्याच्या कोटावर रेघा आहेत होय!"

एकही पैसा खर्च झाला नाही. झाला होता तो आधीच, आणि बराचसा चुकीच्या जागी.

टॉवरवरून हवेतून येणारं, म्हणजे साध्या अँटेनावर दिसणारं प्रक्षेपण एचडीमध्ये बघायचं तर पाच गोष्टी जुळाव्या लागतात: हवेत एचडी असणं, अँटेनाने ते पकडणं, केबलने ते खाली आणणं, ट्यूनरला (टीव्हीत किंवा बॉक्समध्ये सिग्नल उलगडणाऱ्या भागाला) ते समजणं आणि पडद्यापर्यंत ते एचडी म्हणूनच पोचणं. यातली एक जरी निसटली तर बाकीच्या चारांवर केलेला खर्च वाया जातो. लोक मात्र सुरुवात करतात ती सर्वांत महाग गोष्टीपासून, पडद्यापासून. मी उलट क्रमाने जायला सांगेन: आधी फुकटच्या तपासण्या, मग स्वस्त दुरुस्त्या आणि नवा टीव्ही अगदी शेवटी, तोही लागलाच तर.

आधी हवेत काय आहे ते शोधा

तुमच्या भागाला कोणता टॉवर लागू आहे, तो किती दूर आहे, कोणत्या दिशेला आहे आणि त्यावरून कोणत्या वाहिन्या एचडीमध्ये जातात, ही माहिती बहुतेक देशांत प्रक्षेपण संस्था किंवा दूरसंचार नियामक देतात. पत्ता किंवा पिनकोड टाकला की टॉवर दिसतो. तिथून चार गोष्टी कागदावर उतरवून घ्या: दिशा, अंतर, वाहिन्यांचे वारंवारता क्रमांक आणि ध्रुवीकरण, म्हणजे लहरींचं कंपन, आडवं आहे की उभं. पहिल्या तीन सगळेच घेतात. चौथी विसरली जाते आणि नंतर गच्चीवर तासभर घाम काढते.

टॉवरवरून एचडी जातच नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. काही ठिकाणी मुख्य टॉवरवरून एचडी असतं आणि डोंगराआडच्या गावांसाठी बसवलेल्या छोट्या पुनर्प्रक्षेपकावरून फक्त निवडक वाहिन्या जातात. अशा वेळी शेजाऱ्याचा अँटेना दुसऱ्याच दिशेला का बघतोय, हे कोडं सुटतं.

अंतराचा हिशेब स्वतः करता येतो. टॉवरची उंची आणि तुमच्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढा, बेरीज करा आणि ४.१२ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे मोकळ्या, सपाट मुलखात रेडिओ लहरींचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते. टॉवर १५० मीटरचा आणि अँटेना ९ मीटरवर असेल तर उत्तर साधारण ६३ किलोमीटर येतं. वाटेत टेकडी असेल तर त्याहून कमी. आता खिडकीला चिकटवायच्या कागदासारख्या अँटेनाच्या खोक्यावर ‘३०० किलोमीटर’ छापलेलं दिसलं की त्याकडे कोणत्या नजरेने बघायचं ते तुम्हीच ठरवा. पृथ्वीचा गोलपणा खोक्यावर छापून कमी होत नाही.

ट्यूनरला भाषा कळते का?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. डिजिटल प्रक्षेपणाची जगभर एक पद्धत नाही. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरियात एटीएससी चालतं. जपानने आयएसडीबी-टी काढलं, ब्राझीलने ते बदल करून घेतलं आणि दक्षिण अमेरिकेतले बहुतेक देश त्यामागे गेले. चीनचं डीटीएमबी वेगळंच. युरोप, ऑस्ट्रेलिया, भारत आणि आफ्रिकेचा मोठा भाग डीव्हीबी कुटुंबात येतो. परदेशातून कौतुकाने आणलेला टीव्ही अँटेनावर मुका राहतो तो यामुळे. प्लग बदलता येतो, ट्यूनर नाही.

एका कुटुंबातही दोन पिढ्या आहेत. डीव्हीबी-टी ही पहिली, डीव्हीबी-टी२ ही दुसरी. नव्याला जुनं कळतं, जुन्याला नवं अजिबात कळत नाही. टी२ मध्ये तेवढ्याच जागेत बरीच जास्त माहिती बसते, म्हणून ब्रिटनने २००९ च्या डिसेंबरात अँटेनावरचं एचडी सुरू केलं ते थेट टी२ वर. त्याआधी घेतलेल्या टीव्हींना वेगळा बॉक्स लावण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. फ्रान्सने दुसरी वाट धरली. डीव्हीबी-टी तसंच ठेवलं आणि ५ एप्रिल २०१६ ला दाबणीची पद्धत बदलून सगळं एमपीईजी-४ वर नेलं.

दाबणी म्हणजे चित्राची माहिती छोटी करून पाठवण्याची रीत, कोडेक. पूर्ण एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, तर युरोपीय धाटणीच्या जुन्या चित्रात ७२० गुणिले ५७६. हिशेब केलात तर बरोबर पाचपट. एवढं सगळं दाबल्याशिवाय हवेत मावत नाही. जुनी रीत एमपीईजी-२, त्यानंतरची एमपीईजी-४, म्हणजेच एच.२६४, आणि आणखी नवी एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५. जर्मनीने २०१७ च्या मार्चपासून टी२ आणि एचईव्हीसी अशी जोडी चालवली. त्यामुळे नुसतं ‘टी२’ लिहिलेला, पण एचईव्हीसी न कळणारा बॉक्स तिथे निरुपयोगी ठरतो.

तेव्हा टीव्हीच्या माहितीपत्रकात दोन ओळी शोधा: ट्यूनर कोणता आणि कोडेक कोणते. त्या तुमच्या टॉवरशी जुळल्या पाहिजेत. चौकटीवरच्या स्टिकरवर विसंबू नका. ‘एचडी रेडी’ ही खूण युरोपात २००५ मध्ये आली तेव्हा तिचा अर्थ एवढाच होता की पडद्यावर किमान ७२० ओळी आहेत आणि बाहेरून आलेलं एचडी चित्र घेण्याची सोय आहे. आत एचडी ट्यूनर असलाच पाहिजे अशी अटच नव्हती. ‘तयार’ म्हणजे पाहुण्यासाठी पाट मांडलाय, पाहुणा आलाय असं नाही. माझ्या मते या एका शब्दाने जेवढे ग्राहक चकवले तेवढे कोणत्याच जाहिरातीने चकवले नसतील.

माहितीपत्रक हरवलं असेल तर टीव्हीच सांगतो. स्कॅन करा आणि लक्षणं बघा. एचडी वाहिन्यांची नावंच यादीत आली नाहीत, तर एकतर सिग्नल पोचत नाही किंवा ट्यूनरची पिढी जुनी आहे. नाव आलं, आवाजही येतो, पण पडदा काळा, तर ट्यूनर ठीक आहे आणि कोडेक कळत नाही. नाव आलं आणि कुलपाचं चिन्ह दिसलं, तर वाहिनी कूटबद्ध आहे. त्यासाठी कार्ड किंवा परवाना असलेला बॉक्स लागतो, अँटेना हलवून काही होणार नाही.

टीव्ही बदलायचा की बॉक्स लावायचा?

पडदा चांगला असेल आणि मागे एचडीएमआयचं भोक असेल तर बॉक्स लावा. यात फार विचार करण्यासारखं काही नाही. बॉक्सवर रेकॉर्डिंगची सोय मिळाली तर ती वरकड. फक्त दोन रिमोट सांभाळण्याची कटकट वाढते, आणि घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर ही कटकट हसण्यावारी नेऊ नका. बॉक्स आणि टीव्ही दोघांच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू केलं तर बऱ्याचदा एकाच रिमोटवर भागतं.

बॉक्स जोडताना पिवळी-लाल-पांढरी वायर लावू नका. तिच्यातून एचडी जातच नाही, कितीही जाड आणि सोनेरी पिनांची असली तरी. युरोपातल्या जुन्या टीव्हींच्या रुंद, अनेक पिनांच्या स्कार्ट जोडणीचंही तेच. एचडीएमआय केबल साधी चालते. १,०८० ओळींच्या चित्राला आणि दीड-दोन मीटर अंतराला महागडी केबल काही जास्त देत नाही. जोडल्यावर बॉक्सच्या मेनूत जाऊन ‘व्हिडिओ आउटपुट’ बघा. काही बॉक्स सुरुवातीला ५७६ ओळींवर लावलेले येतात. तिथे १,०८० करा. पडदा १,३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असेल तर ७२० आणि १,०८० असं दोन्ही करून बघा आणि डोळ्याला जे बरं वाटेल ते ठेवा.

चित्र आलं पण आवाज गेला? बॉक्सच्या ऑडिओत ‘डॉल्बी’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ असेल तिथे ‘पीसीएम’ करा. जुन्या टीव्हींची ही नेहमीची तक्रार.

जुना फुगीर काचेचा टीव्ही असेल तर बॉक्स लावून वाहिन्या दिसतील, चित्रातल्या मुंग्याही जातील, पण एचडी दिसणार नाही. तो पडद्याचाच मगदूर.

अँटेना: गच्चीवरचं काम

‘एचडी अँटेना’ किंवा ‘डिजिटल अँटेना’ असं वेगळं काही नसतं. अँटेनाला लहर कळते, तिच्यात काय भरलंय ते कळत नाही. गच्चीवरचा जुना अँटेना धड असेल आणि योग्य वारंवारतेचा असेल तर तोच चालतो.

योग्य वारंवारतेचा, हे मात्र जपून तपासा. बहुतेक डिजिटल प्रक्षेपण यूएचएफ पट्ट्यात, ४७० मेगाहर्ट्झपासून वर चालतं. काही देशांत व्हीएचएफच्या १७४ ते २३० मेगाहर्ट्झ पट्ट्यातही असतं. ५०० मेगाहर्ट्झची लहर ६० सेंटीमीटरची, म्हणून तिच्या अँटेनाची मुख्य कांडी साधारण ३० सेंटीमीटरची, वीतभरापेक्षा थोडी मोठी. २०० मेगाहर्ट्झला तीच ७५ सेंटीमीटर लागते. छोट्या कांड्यांच्या अँटेनावर यूएचएफच्या सगळ्या वाहिन्या झकास येतात आणि व्हीएचएफवरची एकच येत नाही, त्याचं कारण बहुधा हेच.

दुसरी मेख आणखी बारीक आहे. यूएचएफचा वरचा भाग पूर्वी ८६२ मेगाहर्ट्झपर्यंत टीव्हीकडे होता. युरोपात आधी ७९० च्या वरचा आणि मग ६९४ च्या वरचा भाग मोबाइल सेवांना गेला. अमेरिकेत तर टीव्हीसाठी आता ६०८ पर्यंतच उरलंय. टीव्ही वाहिन्या खाली सरकल्या, गच्चीवरचे अँटेना मात्र जागचे हलले नाहीत. ब्रिटनमध्ये अँटेनाच्या टोकाला रंगीत टोपण असायचं: लाल म्हणजे खालचा पट्टा, पिवळं मधला, हिरवं वरचा. हिरव्या टोपणाचा अँटेना ४८ ते ६८ क्रमांकांसाठी बनलेला, आणि आजचं प्रक्षेपण ४८ ला संपतं. म्हणजे तो अँटेना जिथे सर्वांत चांगला ऐकतो तिथे आता टीव्ही उरलेलाच नाही, मोबाइल आहेत. तुमच्या गच्चीवरचा अँटेना वीस-पंचवीस वर्षांचा असेल आणि फक्त काही वाहिन्या तुटत असतील तर संशय आधी त्याच्यावर घ्या.

नवा घ्यायचाच तर टॉवर जवळ असेल, मधे अडथळा नसेल, तर लॉग-पिरियॉडिक घ्या. साधा, टिकाऊ, पूर्ण पट्टाभर सारखा चालणारा. टॉवर दूर असेल तर बरेच दांडे असलेला यागी. १९२० च्या दशकात जपानमधल्या तोहोकू विद्यापीठात उदा आणि यागी यांनी ही रचना शोधली आणि शंभर वर्षांनीही गच्च्यांवर तीच उभी आहे. जितके दांडे जास्त, तितका तो एका दिशेला तीक्ष्ण आणि बाजूंना बहिरा. त्यामुळे दोन वेगळ्या दिशांचे टॉवर हवे असतील तर लांबलचक यागी गैरसोयीचा.

खिडकीतला किंवा टीव्हीमागचा छोटा अँटेना टॉवरच्या अगदी जवळ राहणाऱ्यांनाच मानवतो. भिंतीतल्या सळया आणि काचेवरचा उष्णतारोधक धातूचा पातळ थर दोन्ही सिग्नल खातात. घरातलाच लावायचा असेल तर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत, शक्य तितक्या उंच आणि टीव्हीपासून दोन हात लांब ठेवा. त्यात आतच बूस्टर असेल तर त्याला वीज लागते. बऱ्याच टीव्हींच्या मेनूत ‘अँटेना पॉवर ५ व्होल्ट’ असा पर्याय त्यासाठीच असतो. साध्या अँटेनाला तो बंद ठेवा.

आता वर चढायचं. एकट्याने नाही, ओल्या गच्चीवर नाही, वाऱ्यात नाही, आणि विजेच्या तारा अँटेनाच्या नळीच्या लांबीएवढ्या जवळ असतील तर मुळीच नाही. तिथे माणूस बोलवा. नळी भूसंपर्कित, म्हणजे अर्थिंग केलेली असावी. टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढून मगच वायरीला हात लावा.

यागीची छोट्या कांड्यांची बाजू टॉवरकडे आणि जाळीची बाजू पाठीमागे. हसू येईल, पण उलटे लावलेले अँटेना मी मोजायचं सोडून दिलंय. ध्रुवीकरण आडवं असेल तर कांड्या जमिनीला समांतर, उभं असेल तर कांड्या उभ्या. हे चुकलं तर सिग्नलचा फार मोठा भाग नुसत्या या चुकीत जातो. दिशा ठरवायला मोबाइलमधलं होकायंत्र पुरतं, फक्त लोखंडी नळीपासून जरा लांब उभं राहून बघा, नाहीतर ते नळीलाच उत्तर समजेल.

पूर्वी एक जण वर, एक जण खाली आणि मधे जिन्यावर तिसरा. "आलं का?" "नाही!" "आता?" "होतं, गेलं, मागे घे!" तेव्हा अँटेना हलला की चित्र त्याच क्षणी हलायचं. डिजिटलमध्ये तसं नाही. टीव्हीचा आकडा बदलायला काही सेकंद लागतात. म्हणून अँटेना पाच-सात अंश हलवा, हात सोडा, दहापर्यंत मोजा आणि मग विचारा. घाईघाईत फिरवणाऱ्याला योग्य जागा दोनदा सापडते आणि दोनदा निसटते.

खालच्याने टीव्हीच्या मेनूतलं सिग्नल पान उघडून ठेवायचं. तिथे दोन पट्ट्या असतात: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बघायची ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ ९५ आणि क्वालिटी ४० असेल तर आवाज मोठा आहे पण शब्द कळत नाहीत, अशी गत. स्ट्रेंग्थ ६० आणि क्वालिटी १०० असेल तर नळ्या घट्ट करा आणि खाली उतरा. आणि हे सगळं एकाच वाहिनीवर करू नका. वेगवेगळ्या वारंवारतेच्या निदान तीन वाहिन्या बघा आणि त्यातली सर्वांत कमकुवत सुधारेल तशी दिशा पक्की करा.

केबल आणि पिन

मला विचाराल तर निम्म्या घरांत खरा आजार इथे असतो. एकदा एका घरी ‘संध्याकाळी ठीक, पाऊस पडला की चौकडे’ अशी तक्रार होती. वरची पिन सोडवली तर आतल्या तांब्यावर हिरवा थर, आणि केबल दोन बोटांत दाबली तर जाळीतून चक्क पाण्याचा थेंब आला. अँटेनाच्या डबीचं झाकण हरवलेलं होतं आणि केबल डबीतून सरळ खाली गेली होती. पाण्याला एवढी चांगली वाट मिळाल्यावर ते तीच धरणार.

टीव्हीसाठी ७५ ओहमची कोॲक्स केबल लागते, आरजी-६ प्रकारची, पूर्ण तांब्याच्या गाभ्याची मिळाली तर उत्तम. वरच्या यूएचएफला अशा केबलमध्ये २० मीटरमागे साधारण साडेतीन डेसिबल जातात. तीन डेसिबल म्हणजे निम्मी शक्ती. जुनी बारीक केबल याहून जास्त खाते, आणि पाणी शिरलेली किती खाईल त्याला धरबंध नाही. केबल जुनी असेल तर तुकडे जोडत बसू नका, वरपासून खालपर्यंत एकसंध नवी टाका. अँटेना बदलण्यापेक्षा हे स्वस्त आणि बऱ्याचदा जास्त गुणकारी.

पिन बसवताना बाहेरचं रबर साधारण दीड सेंटीमीटर सोला. आतली जाळी बाहेरच्या रबरावर उलटी दुमडा. मग पांढरं इन्सुलेशन कापून मधली तार उघडी करा. एफ पिन अशी सरकवा की पांढरं इन्सुलेशन पिनेच्या आतल्या तळाशी बरोबर टेकेल आणि मधली तार तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर येईल. आता पिनेत उजेड धरून नीट बघा: जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला टेकलाय का? तेवढ्या एका धाग्याने सगळं बंद पडतं, आणि बाहेरून पिन अगदी देखणी दिसते. चष्मा लावून बघा, मी तरी लावतो.

अँटेनाच्या डबीत शिरण्याआधी केबलला खाली एक लोंबता वळसा द्या, म्हणजे पाणी तिथून गळून पडेल. वरच्या पिनेवर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळा. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हाने एका वर्षात सुटते.

बूस्टर: शेवटचा उपाय, पहिला नव्हे

चित्र तुटतंय म्हटलं की दुकानदार बूस्टर काढून देतो. बूस्टर सिग्नल मोठा करतो हे खरं, पण त्यातला गोंगाटही तितकाच मोठा करतो आणि वर स्वतःचा थोडा घालतो. अँटेनालाच जे ऐकू आलं नाही ते बूस्टर आणू शकत नाही. त्याचं खरं काम एकच: वर चांगला असलेला सिग्नल खाली येताना केबलमध्ये आणि वाटण्यांमध्ये जे गमावतो ते आधीच भरून देणं. म्हणून त्याची जागा वर, अँटेनाजवळ. टीव्हीमागे बसवलेला बूस्टर म्हणजे बी सुकल्यावर घातलेलं पाणी.

वरच्या बूस्टरला वीज त्याच कोॲक्समधून जाते, खाली बसवलेल्या छोट्या पॉवर युनिटमधून. मधे साधा स्प्लिटर, म्हणजे एका केबलच्या अनेक वाटा करणारी डबी, असेल तर तो ही वीज अडवू शकतो. ‘पॉवर पास’ लिहिलेला घ्या आणि त्या खुणेच्या भोकातूनच जोडा. टॉवर जवळ असेल तर बूस्टर उलट घात करतो: जोरदार सिग्नलने तो भरून वाहतो आणि होत्या त्या वाहिन्याही जातात. बूस्टर आधीपासून लावलेला असेल तर एकदा काढून स्कॅन करून बघा. मी सांगितल्यावर काढलेले आणि परत कधीच न लावलेले बूस्टर बरेच आहेत.

जवळ मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिला आणि तेव्हापासून त्रास सुरू झाला असेल तर मोबाइलचा पट्टा रोखणारा फिल्टर बूस्टरच्या आधी बसवा. बूस्टरच्या नंतर बसवला तर उशीर झालेला असतो.

दोन-तीन खोल्यांत टीव्ही असतील तर एकातून दुसऱ्यात अशी माळ करू नका. एका जागी स्प्लिटर ठेवून तिथून प्रत्येक खोलीला स्वतंत्र केबल न्या. दोन वाटा करणारा स्प्लिटर प्रत्येक वाटेवर साडेतीन-चार डेसिबल खातो, चार वाटांचा सात-आठ. मोकळं राहिलेलं भोक ७५ ओहमच्या टोपणाने बंद करा. उपग्रहाच्या डिशची केबल मात्र यात मिसळू नका. तिच्यातून डिशसाठी १३ ते १८ व्होल्ट वीज जाते आणि दोन्ही एका केबलमधून आणायचं तर त्यासाठी बनवलेला वेगळा डायप्लेक्सर लागतो.

स्कॅन आणि क्रमांक

सगळं जोडल्यावर जुनी यादी पुसून नव्याने पूर्ण स्कॅन करा. ‘अपडेट’ किंवा ‘नवीन वाहिन्या जोडा’ने भागवू नका, जुन्या नोंदी तशाच राहतात. देश निवडायला विचारलं तर खरा देश द्या. क्रमांकांची पद्धत त्यावर ठरते. दोन टॉवर पकडले जात असतील तर तीच वाहिनी दोनदा येते, आणि कित्येकदा कमकुवत टॉवरची आवृत्ती मुख्य क्रमांकावर बसून चांगली आठशेच्या पुढे फेकली जाते. अशा वेळी मॅन्युअल स्कॅन करा. तुमच्या टॉवरचे क्रमांक कागदावर आहेतच, तेवढेच एकेक करून टाका.

मग मामांची गोष्ट आठवा. अनेक देशांत एकाच वाहिनीची साधी आणि एचडी अशा दोन आवृत्त्या वेगवेगळ्या क्रमांकांवर चालतात. टीव्ही साधं चित्र ताणून पडदाभर दाखवतो, त्यामुळे नुसतं बघून कळेलच असं नाही. वाहिनी लावून रिमोटवरचं ‘इन्फो’ बटण दाबा. ५७६ किंवा ४८० दिसलं तर साधं, ७२० किंवा १,०८० दिसलं तर एचडी. सापडलेल्या एचडी वाहिन्या ‘फेव्हरिट’मध्ये टाका, नाहीतर सवयीचं बोट जुनाच क्रमांक दाबणार.

चित्राची शेवटची मशागत

पिक्चर साइझमध्ये १६:९ निवडा आणि त्यातही ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम नावाचा पर्याय शोधा. नेहमीच्या सेटिंगमध्ये टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून उरलेलं ताणतो, म्हणजे आलेला प्रत्येक ठिपका पुन्हा पुसट होतो. शार्पनेस खाली आणा. दुकानात उठून दिसावं म्हणून तो चढवलेला असतो आणि चेहऱ्यांभोवती पांढरी कड काढतो.

तरीही तुटतंय?

ॲनालॉगच्या काळात सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढत जायच्या, पण बातमी कळायची. डिजिटलमध्ये चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि मग एकदम चौकडे होऊन गोठतं. म्हणून ‘कालपर्यंत उत्तम होतं’ याचा अर्थ सिग्नल उत्तम होता असा नाही. कड्याच्या टोकाशी उभा असेल. क्वालिटीचा आकडा चांगल्या दिवशी लिहून ठेवा, बिघडलेल्या दिवशी तुलनेला उपयोगी पडतो.

ठरावीक वेळी तुटत असेल तर घरातच बघा: स्वस्त एलईडी दिवा, चार्जर, टीव्हीमागे अँटेनाच्या केबलला चिकटून गेलेली खराब एचडीएमआय केबल. एकेक बंद करून पाहा. पानं फुटल्यावर किंवा पावसात तुटत असेल तर वाटेतलं झाड. अँटेना मीटर-दोन मीटर बाजूला सरकवून कधीकधी सुटतं. वाऱ्यात तुटत असेल तर सैल नळी किंवा सैल पिन.

आणि एखाद्या शांत, निरभ्र दिवशी, हवेचा दाब चढलेला असताना, अचानक सगळ्या वाहिन्या लटपटू लागल्या तर कशालाही हात लावू नका. अशा हवेत लहरी नेहमीपेक्षा कितीतरी लांब जातात आणि त्याच वारंवारतेवरचा दूरचा टॉवर तुमच्या टॉवरवर चढून बसतो. हवा बदलली की एक-दोन दिवसांत तो आपोआप उतरतो. त्या दिवशी रिस्कॅन केलंत तर मात्र यादीत त्या परक्या टॉवरच्या वाहिन्या भरतील, तुमच्या जातील आणि हवा सुधारल्यावर पडदा कोरा दिसेल.